वर्षानुवर्षे उभा असलेला ट्रॅक्टर पुन्हा कामाला लावताना

घरातला कर्ता माणूस गेला, वाटणीचा दावा कोर्टात अडकला, मुले नोकरीसाठी पुण्याकडे गेली किंवा लागोपाठ दुष्काळ पडून भाड्याच्या ट्रॅक्टरवर भागवणे परवडू लागले, की चांगला चालता ट्रॅक्टर गोठ्याच्या कडेला उभा राहतो आणि मग उभाच राहतो. पुढे कधीतरी शेती पुन्हा हातात घ्यायचे ठरते, तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच क्रम दिसतो : शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणायची, टाकीत पाच लिटर डिझेल ओतायचे आणि सेल्फ मारायचा. कधी कधी इंजिन चालूही होते, त्यामुळे हीच पद्धत बरोबर असा समज पक्का होतो. वस्तुस्थिती अशी की, उभ्या ट्रॅक्टरचे जे नुकसान वर्षानुवर्षे सावकाश होत असते, ते बहुतांशी दुरुस्त होण्यासारखे असते. खिसा रिकामा करणारे नुकसान मात्र घाईने मारलेल्या पहिल्या सेल्फने काही सेकंदांत होते. म्हणून पुढच्या सगळ्या कामांत सेल्फ शेवटी येतो.

येथे डोळ्यासमोर ठेवला आहे तो ३५ ते ५० हॉर्सपॉवरचा, तीन किंवा चार सिलिंडरचा, पाण्याने थंड होणारा आणि यांत्रिक डिझेल पंपाचा ट्रॅक्टर, कारण महाराष्ट्रातल्या शेडमध्ये वर्षानुवर्षे उभे असलेले ट्रॅक्टर बहुधा याच जातीचे असतात. ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ ही प्रदूषण मानके लागू झाली असून त्यांतल्या अनेकांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची कॉमन रेल यंत्रणा (सर्व सिलिंडरांना एकाच, फार मोठ्या दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणारी) आहे. तशा इंजिनाची डिझेल लाइन पान्याने सैल करण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नये.

हात लावण्यापूर्वी

पहिला तास फक्त पाहण्यात घालवावा. चाकांच्या पुढे-मागे दगड लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये आहे की नाही ते पाहावे आणि बॅटरी अजून जागेवर असेल तर तिची अर्थची तार आधी सोडवावी. बॉनेट उघडताना हात आत घालण्याआधी टॉर्च मारावा. बंद इंजिनाची ऊब नसली तरी आडोसा असतोच, आणि जिथे उंदीर घर करतात तिथे त्यांच्या मागे नाग किंवा घोणस येणे यात नवल नाही. उंदरांचे घरटे काढताना हातमोजे घालावेत आणि चिंध्या-पाला आधी पाण्याने भिजवून घ्यावा, कारण उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि कोरडी धूळ नाकातोंडात जाणे चांगले नव्हे. रेडिएटरची जाळी, पंख्यामागची जागा, सेल्फच्या वरची खाच, डायनॅमोची मागची बाजू आणि एअर क्लीनरचा पाइप ही उंदरांची आणि कुंभारमाश्यांची ठरलेली ठिकाणे आहेत. कुंभारमाशीचे मातीचे एक घर पाइपात सुटे झाले आणि इंजिनाने ते ओढले, तर ती माती पिस्टन आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) यांच्यामध्ये पॉलिशपेपरसारखी काम करते.

सायलेन्सरकडे विशेष लक्ष द्यावे. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घातलेला असेल तर निम्मी काळजी मिटली. डबा नसेल आणि ट्रॅक्टर उघड्यावर किंवा गळक्या पत्र्याखाली पावसाळे काढत असेल, तर पाणी सायलेन्सरमधून एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागात) उतरते आणि इंजिन थांबताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्या सिलिंडरमध्ये जाते. एका पावसाळ्यात तेथे किती पाणी साचेल हे सांगता येत नाही, पण वाटीभर पाणीही पुरेसे असते. डिझेल इंजिनाचा पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सेल्फची मोटर लहान दिसली तरी फ्लायव्हीलच्या मोठ्या दातेरी चक्रामुळे तिचा जोर प्रचंड असतो, आणि तो जोर न दबणाऱ्या पाण्यावर पडला की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन खोलण्याचा खर्च येथे सुरू होतो, आणि तोही सेल्फ मारल्याच्या पहिल्या फेऱ्यात.

इंजिन आधी हाताने फिरवावे

ऑइल ओतण्यापूर्वी जुने ऑइल काढावे, पण काढताना ते वाचावे. आधी ऑइल मोजायची पट्टी ओढून पातळी पाहावी. उभ्या इंजिनाचे ऑइल आपोआप वाढत नसते. पातळी खुणेच्या वर गेलेली असेल तर खाली पाणी किंवा डिझेल उतरले आहे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी बसते, म्हणून तळाचा ड्रेन बोल्ट एकदम न काढता आटा संपेपर्यंत हळूहळू सैल करावा आणि खाली स्वच्छ, पसरट भांडे धरावे. काही चमचे नितळ पाणी आधी आले आणि मग काळे ऑइल आले, तर ते दवाचे, म्हणजे वर्षानुवर्षांच्या ओलाव्याचे पाणी असू शकते. पेलाभर किंवा त्याहून अधिक गढूळ, तांबूस पाणी आले किंवा ऑइल ताकासारखे पांढरट निघाले, तर रेडिएटरचे पाणी इंजिनात उतरत आहे असे धरून चालावे.

याचे बहुतेक वेळा सापडणारे कारण म्हणजे लायनरच्या तळाशी असलेली रबरी रिंग. अनेक ट्रॅक्टरांत लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळते आणि त्या पाण्याला चेंबरपासून वेगळे ठेवते ती एवढीच रिंग. रेडिएटर कोरडा पडला की ती वाळते, कडक होते आणि आक्रसते. तपासण्याची सोपी पद्धत आहे आणि तिला एका रात्रीखेरीज काही खर्च नाही : नवे ऑइल भरण्याआधी रेडिएटर पाण्याने पूर्ण भरावा, ड्रेन बोल्ट लावून ठेवावा आणि सकाळी तो पुन्हा सैल करून पाहावा. रिकाम्या चेंबरमधून पाण्याचा थेंब आला नाही, तर हजारो रुपयांची शंका फिटली. पाणी आले, तर नवे ऑइल वाया जाण्यापासून वाचले. ही पायरी गाळून आधी ऑइल भरणारे मिस्त्री पुष्कळ आहेत, आणि मग दोन्ही एकत्र झाल्यावर दोष कोणाचा यावर वाद होतो.

आता नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारे भाग, काढावेत. गंजलेले नोझल ठोकून काढू नयेत. आट्यांवर आणि बुडाशी गंज सोडवणारे तेल टाकून एक दिवस जाऊ द्यावा. नोझल निघाले की प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन मोठे चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल यांचे मिश्रण ओतावे व किमान एक रात्र थांबावे, म्हणजे ते पिस्टनच्या रिंगांपर्यंत झिरपते. त्यानंतर क्रँक पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन फिरते का ते पाहावे. नोझल बाहेर असल्याने कॉम्प्रेशनचा अडसर नसतो, त्यामुळे चांगले इंजिन एका माणसाच्या जोराने सहज फिरते आणि सिलिंडरात पाणी असेलच तर ते नोझलच्या भोकातून बाहेर उडते. त्या वेळी भोकावर वाकून पाहू नये, एवढे सांगितले की पुरे.

फिरत नसेल तर जोर वाढवू नये, वेळ वाढवावा. तेल पुन्हा घालावे, पाना पुढे-मागे थोडा थोडा हलवावा आणि तीन-चार दिवस हाच क्रम चालू ठेवावा. लायनरवर गंजाची बारीक कडी तयार झालेली असते. ती पुढे-मागे हलवल्याने सुटते, पण एकाच दिशेने ताकद लावल्यास रिंग मोडते. दुसऱ्या ट्रॅक्टरने दोर बांधून ओढायचे आणि गिअरमध्ये क्लच सोडायचा, हा गावात सर्वांत लोकप्रिय असलेला उपाय या टप्प्यावर सर्वांत घातक आहे, कारण त्या ओढीपुढे रिंग, रॉड आणि गिअरचे दाते यांपैकी जे सर्वांत दुबळे असेल ते जाते. आठवडाभरात इंजिन हलले नाही, तर हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवणे हाच सरळ मार्ग आहे.

इंजिन फिरू लागले की वरचे टॅपेट कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतो का ते डोळ्यांनी पाहावे. एखादा व्हॉल्व्ह खाली गेला आणि तसाच राहिला, तर त्याच्या दांडीवर तेल टाकून, लाकडी हातोडीने अगदी हलके ठोकत तो मोकळा करावा. तो तसाच ठेवून सेल्फ मारला, तर वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो किंवा व्हॉल्व्ह हलवणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, वाकते.

डिझेल आणि पंप

टाकीतले जुने डिझेल वापरण्याचा मोह सोडावा. डिझेल साधारण सहा महिने ते वर्षभर बरे राहते. पुढे त्यात डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होऊ लागतो. त्याशिवाय अर्धवट रिकाम्या टाकीत रात्री ओलावा साकळतो, पाणी तळाशी बसते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. पटत नसेल तर टाकीच्या तळाचे लिटरभर डिझेल पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर ठेवावे. सकाळी बाटलीत तीन थर दिसतात : तळाशी पाणी, मध्ये काळपट-तपकिरी बुळबुळीत पट्टा आणि वर गडद झालेले डिझेल, ज्याचा वास रोजच्या डिझेलसारखा नसून जुन्या रंगाच्या डब्यासारखा येतो. तो मधला पट्टा फिल्टर बुजवतो आणि तळाचे पाणी पंपाला गंज आणते. टाकी उतरवून धुवावी, दोन्ही डिझेल फिल्टर बदलावेत, फिल्टरचा काचेचा कप स्वच्छ करावा आणि रबरी पाइप चिरले असतील तर तेही बदलावेत. या सगळ्याला पंपाच्या दुरुस्तीच्या तुलनेत किरकोळ पैसे लागतात.

डिझेल पंपाकडे मात्र सावकाश पाहायला हवे, कारण येथे खर्चाचाच नव्हे, जिवाचाही प्रश्न आहे. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटा प्लंजर असतो आणि किती डिझेल जायचे हे ठरवणारी एक दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, सगळ्या प्लंजरांना एकाच वेळी फिरवते. ॲक्सिलरेटर, गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा) आणि इंजिन बंद करणारा स्टॉप नॉब हे तिघेही शेवटी याच रॅकला हलवतात. जुन्या डिझेलच्या डिंकाने किंवा गंजाने रॅक जास्त डिझेलच्या बाजूला अडकून बसला असेल, तर इंजिन चालू होताच वेग वाढत जातो, ॲक्सिलरेटर कमी करून उपयोग होत नाही आणि स्टॉप ओढूनही ते थांबत नाही. टाकीचा कॉक बंद केला तरी फिल्टर आणि पंपात उरलेल्या डिझेलवर ते आणखी बराच वेळ चालते, आणि तेवढा वेळ इंजिनाचे तुकडे व्हायला पुरतो.

म्हणून पंपाच्या बाजूची झाकणपट्टी काढून आत पाहावे. स्प्रिंगा ओळीने उभ्या दिसतात. एकाने पान्याने इंजिन फिरवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक स्प्रिंग दबून परत वर येते का ते पाहावे. दबून तशीच राहिलेली स्प्रिंग म्हणजे अडकलेला प्लंजर. मग रॅक बोटाने ढकलावा. तो मऊपणे सरकला पाहिजे, आणि स्टॉप नॉब ओढल्यावर पूर्ण बंदच्या बाजूला जाऊन सोडल्यावर परत आला पाहिजे. येथे थोडीही कुरकुर वाटली, तर पंप काढून पंपाच्या लॅबमध्ये न्यावा. पंप रोटरी जातीचा असेल तर डिझेलचे प्रमाण ठरवणारा आतला मीटरिंग व्हॉल्व्ह बाहेरून दिसतच नाही, त्यामुळे तो पंप लॅबमधल्या चाचणीच्या बाकावर तपासून घेणेच श्रेयस्कर. नोझल बाहेर काढलेलेच आहेत, तेही त्याच फेरीत तपासून आणावेत. घरी नोझलचा फवारा तपासताना हात पुढे धरण्याची सवय फार धोक्याची आहे. २०० बारच्या आसपासच्या दाबाचे डिझेल त्वचेतून आत शिरते, सुरुवातीला फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते आणि उशीर झाला तर बोट गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास दुखत नसले तरी लगेच रुग्णालय गाठावे.

बॅटरी, क्लच, ब्रेक, टायर

बॅटरीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी काही तास विसावल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. वर्षानुवर्षे उतरलेल्या स्थितीत पडून राहिलेली बॅटरी बहुधा पुन्हा भार घेत नाही, आणि तिच्यावर महिनाभर चार्जिंग करण्यापेक्षा नवी आणणे स्वस्त पडते. वायरिंगवर मात्र वेळ द्यावा. उंदरांनी सोललेल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या की आग लागते, म्हणून तारांचा पूर्ण जुडगा हाताने चाचपून पाहावा. इग्निशन स्विच काम करत नाही म्हणून सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर चालू करणे हे खेड्यापाड्यांत इतके सर्रास आहे की त्यातला धोका कोणाला दिसतच नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो चालू होता क्षणी पुढे सरकतो, आणि स्क्रूड्रायव्हर धरलेला माणूस नेमका मागच्या चाकापुढे उभा असतो.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटलेली असणे ही उभ्या ट्रॅक्टरची हमखास तक्रार आहे. त्यासाठी इंजिन चालू करण्यापूर्वीच क्लच पेडल दाबून, लाकडी ठोकळा लावून दोन-तीन दिवस तसेच ठेवून पाहावे. पुष्कळदा प्लेट त्या ताणाने सुटते. न सुटल्यास ट्रॅक्टर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावर वेगळा करावा लागतो.

गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचे ऑइल बहुतेक ट्रॅक्टरांत एकच असते आणि ते ३०-४० लिटर किंवा त्याहून अधिक लागते, त्यामुळे ते बदलण्याचे काम प्रत्येक जण पुढे ढकलू पाहतो. गिअर लिव्हरचे रबर फाटले असेल तर त्यातून पावसाचे पाणी थेट आत जाते. येथेही ड्रेन बोल्ट सैल करून पाहण्याचाच नियम लावावा : स्वच्छ, पिवळसर ऑइल आले तर सध्या राहू द्यावे, पाणी किंवा दुधी ऑइल आले तर खर्च टाळू नये, कारण त्याच ऑइलवर लिफ्टचा पंप आणि गिअरचे बेअरिंग दोन्ही चालतात.

ब्रेकचे दोन्ही पेडल वेगवेगळे दाबून पाहावेत आणि रस्त्यावर जाण्यापूर्वी त्यांना जोडणारी पट्टी लावावी. एकच चाक अडकले आणि दुसरे मोकळे राहिले, तर वेगातला ट्रॅक्टर जागच्या जागी फिरून उलटतो. टायरची जाडी बघून फसू नये. उन्हाने तडकलेल्या बाजू बोटाने दाबून पाहाव्यात आणि तडा आतल्या दोऱ्यांपर्यंत गेला असेल तर तो टायर ट्रॉलीसाठी वापरू नये. मागच्या टायरात वजनासाठी पाणी भरलेले असेल, तर व्हॉल्व्हभोवतीचा रिम गंजून पातळ झाला आहे का तेही पाहून घ्यावे. हवा भरताना टायरच्या चपट्या बाजूसमोर, म्हणजे रिमसमोर, न उभे राहता नक्षीच्या बाजूला राहावे.

पहिला सेल्फ

तपासलेले नोझल पुन्हा जागेवर बसवलेले असावेत. नवे ऑइल, नवा ऑइल फिल्टर, स्वच्छ डिझेल आणि एअर क्लीनरच्या भांड्यात खुणेपर्यंतच नवे ऑइल भरलेले असावे. या भांड्यात खुणेच्या वर ऑइल भरले तर इंजिन तेच ओढून त्यावर पळू लागते, म्हणून येथे सढळ हात उपयोगाचा नाही. हॅन्ड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप) दाबत आधी पहिल्या फिल्टरची, मग दुसऱ्याची आणि शेवटी पंपाची हवा काढावी. बुडबुडे संपून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. त्यानंतर स्टॉप ओढलेलाच ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारावा आणि मध्ये मिनिटभर थांबावे. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत इंजिन चालू होऊ देऊ नये, कारण वर्षानुवर्षे कोरड्या पडलेल्या बेअरिंगांना ऑइल पोचण्याआधी वेग देणे म्हणजे त्यांना घासायला लावणे होय.

चालू करताना दोन माणसे हवीत. एअर क्लीनरचा पाइप इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डपासून तेवढ्यापुरता सोडवावा आणि दुसऱ्या माणसाने रबर ठोकलेली सपाट फळी घेऊन त्या तोंडापाशी, पण पंख्यापासून दूर उभे राहावे. वेग आवरेनासा झाला तर फळी तोंडावर दाबून धरायची. हवा बंद झाली की डिझेल कितीही जात असले तरी इंजिन मरते. हाताने किंवा फडक्याने हा उद्योग करू नये, ओढ इतकी असते की फडके आत जाते. पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंगचा फवारा वापरून घाबरवत इंजिन उठवू नये. कॉम्प्रेशन, डिझेल आणि सेल्फचा वेग या तिन्ही गोष्टी ठीक असतील, तर त्याची गरजच पडत नाही.

चालू झाल्यावर पहिल्या पाच-दहा सेकंदांत ऑइल प्रेशर दिसले नाही तर लगेच बंद करावे. दिसले, तर थोडा वेळ मंद चालवून, बंद करून, पाइप पुन्हा जोडून मग पंधरा-वीस मिनिटे कमी वेगावर चालू ठेवावे. सुरुवातीचा पांढरा आणि निळसर धूर सिलिंडरात ओतलेल्या तेलाचा असतो आणि तो विरतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर वाफेसारखा येत राहिला आणि रेडिएटरची पातळी उतरली, तर हेडचे पॅकिंग गेले आहे. निळा धूर टिकला तर पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या आहेत, ज्या काही तासांच्या हलक्या कामाने कधी कधी सुटतात. ऑइल सील बहुतेक गळतीलच. वाळलेले रबर गरम ऑइल लागल्यावर काही प्रमाणात फुगते, त्यामुळे किरकोळ झिरपणाऱ्या सीलसाठी लगेच ट्रॅक्टर खोलू नये, पण मागच्या ॲक्सलचे सील ब्रेकवर गळत असेल तर त्याला सूट नाही.

याच दरम्यान कागदपत्रे काढून पाहावीत. शेतीचा ट्रॅक्टर कायद्याने बिगर-वाहतूक वाहन आहे, त्याची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. रस्त्यावर आणण्यासाठी किमान त्रयस्थ पक्ष विमा बंधनकारक आहे. ट्रॅक्टर वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर मोठा खर्च करण्याआधी वारसांमध्ये नाव बदलण्याचे ठरवून घेणे शहाणपणाचे ठरते.

पहिले काम नांगरणीचे नसावे. दोन-चार दिवस रिकामी ट्रॉली किंवा हलका वखर एवढेच द्यावे, चाकांचे नट पहिल्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा आवळावेत आणि डिझेल फिल्टरच्या कपावर रोज नजर ठेवावी, कारण टाकी धुतली तरी उरलासुरला गाळ याच काळात सुटून येतो. साधारण २५ तास झाल्यावर इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर पुन्हा बदलावा, आणि काढलेला फिल्टर फेकण्याआधी त्याचा पत्रा कापून आतल्या कागदाच्या घड्या उन्हात उलगडून पाहाव्यात. काळा गाळ असेल तर हरकत नाही. घड्यांमध्ये चकाकणारे बारीक कण दिसले, तर बेअरिंग पाहून घेतल्याशिवाय ट्रॅक्टरला नांगर जोडू नये.